जाकिटाची फिटिंग

पिंपळगाव राजाच्या बसस्टँडजवळ वंदनाबाईचं शिलाईचं दुकान आहे आणि त्याला लागून रज्जाकभाईचं पंक्चरचं. एका दुकानात दिवसभर सुई खालीवर होते. दुसऱ्यात सुईच्या टोकाएवढं भोक सापडावं म्हणून अख्खी ट्यूब पाण्यात बुडवतात. पण इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून बसलं तरी माणूस शेजाऱ्याच्या धंद्यातलं काही शिकत नाही, ते नाहीच.

वंदनाबाईच्या ब्लाउजचं नाव नांदुऱ्यापर्यंत होतं. ढिलं कापड तिला बघवायचंच नाही. कुणाच्या लग्नाला गेली तरी अक्षता टाकताना तिची नजर नवरीच्या बाहीवर. घरी आल्यावर म्हणणार, “पोरगी गुणाची आहे, पण खांद्यात काय झोल ठेवला व त्या मेल्या टेलरनं!” नवरा हयात होता तोवर त्याचा एकही सदरा तिच्या मशीनखालून गेल्याशिवाय अंगावर चढला नाही.

गेल्या वर्षी तिचा मोठा मुलगा देवानंद मोटारसायकलवरून येताना उभ्या ट्रॉलीवर आदळला. ट्रॉलीला मागे ना दिवा, ना लाल कापड. हेल्मेट होतं, पट्टा लावलेला होता, हेल्मेटला साधा ओरखडा आला नाही. डॉक्टर म्हणाले, “डोकं शाबूत आहे हो. छाती गेली.” हे एवढं वाक्य वंदनाबाईच्या कानात जाऊन बसलं ते बसलंच. लोक समजूत घालायला आले, नशिबाचं बोलले, चहा पिऊन गेले. ती हेल्मेट खुंटीला टांगून त्याच्याकडे बघत राहिली. एवढं घातलं होतं पोरानं, आणि नेमकं छातीला काही नव्हतं.

धाकटा भागवत पोटाला त्याच रस्त्याचं खात होता. खेड्यांतल्या दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करायचे, बर्फाच्या डब्यात घालून मलकापूरच्या लॅबला नेऊन द्यायचे, असं त्याचं काम. पिंपळगावहून नांदुरा, तिथून हायवेनं वडनेर भोलजी, पुढे मलकापूर. डबा मागे बांधलेला आणि वेळेत पोचायचं, नाहीतर रक्त वाया.

“सोड हे काम,” ती म्हणाली.

“सोडून काय करू, सांग. तू म्हणशील ते करतो.”

तिनं त्याच्याकडून शपथ तेवढी घेतली. “गाडीवर असताना फोन उचलला तर माझं मेलेलं तोंड पाहशील.” भागवतनं तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. तेव्हापासून वाटेत कुणाचाही फोन आला, तरी त्यानं तो उचलला नाही.

शपथेनं झोप मात्र आली नाही. ती गादीवर नुसती पडून राहायची आणि सकाळी दुकानात जाऊन उजवी बाही डावीकडे जोडायची. गिऱ्हाइकं काही बोलायची नाहीत, आणि ते तिला अधिकच लागायचं. जेवण तुटलं. भागवत संध्याकाळी दारात गाडी लावायचा तेव्हा ती उठून त्याच्या छातीवरून हात फिरवायची. चोवीस वर्षांचा पोरगा, शेजारपाजार बघतोय, पण तो गप उभा राहायचा.

अशात एका गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर तिला ते जाकीट दिसलं. गाडीवरून माणूस उडतो, आणि खाली पडायच्या आत अंगातलं जाकीट फट्कन फुगतं. मान, पाठ, छाती सगळं झाकलं जातं. छाती! वंदनाबाईनं ते पुन्हा पुन्हा लावायला सांगितलं. गिऱ्हाईक बाई कंटाळून ब्लाउज न घेताच गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी वंदनाबाई भागवतला घेऊन खामगावला.

तिथं मलिहा नावाची मुलगी वडिलांचं हेल्मेटचं दुकान सांभाळत होती. तिनं पुण्याहून मागवलेली दोन जाकिटं काउंटरवर मांडली. एक मशीनचं. ते आपणच ओळखतं की माणूस पडतोय, पण रोज चार्ज करायला लागतं. दुसरं दोरीचं. दोरीचं एक टोक जाकिटाला, दुसरं गाडीला अडकवायचं. माणूस गाडीपासून दूर फेकला गेला की दोरीला हिसका बसतो, आत गॅसचं छोटं सिलेंडर फुटतं आणि जाकीट फुगतं.

“हे मशीनचं हलकं आहे, माय,” भागवत म्हणाला. “दोरीची कटकट नाही. प्रत्येक दवाखान्यापाशी सोडा, पुन्हा अडकवा.”

“तुझा मोबाइल कवा चार्ज असते? आणि आपल्या गावातली लाइट? मी त्या लाइटीच्या भरवशावर तुले सोडू?” ती मलिहाकडे वळली. “दोरीचं दे, बेटा. दोरी मले दिसते.”

मलिहानं ते भागवतला घातलं. त्याच्या मापाचं नव्हतं, एक माप मोठं होतं. बगलेखाली, कमरेला मूठभर कापड लोंबत होतं.

“ढिलं आहे,” वंदनाबाई म्हणाली.

“ढिलंच पाहिजे, चाची. आत फुगायला जागा लागते.”

वंदनाबाई हसली. आयुष्यभर तिनं रेडीमेडवाल्यांचं हे ऐकलं होतं. माप नसलं की यांच्या तोंडी ठरलेलं, थोडं लूज चांगलं दिसतं, धुतल्यावर बसतं, हवा खेळते. पोरगी गोड होती, पण शेवटी दुकानदाराचीच. कानातलं मोडून आणलेले पैसे काउंटरवर ठेवताना वंदनाबाईनं मनातल्या मनात बगलेखालचं माप घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी भागवत अंघोळीला गेला, तेवढ्यात तिनं जाकीट मशीनखाली घेतलं. बगलेपासून कमरेपर्यंत, दोन्ही बाजूंनी, जाड सुई, नायलॉनचा दोरा, वर मजबुतीसाठी दुहेरी टीप. कापड निब्बर होतं, आत काहीतरी रबरासारखं अडत होतं. तिनं पायडल दाबलं. शेवटची टीप मारून दोरा दातानं तोडला तेव्हा तिला कितीतरी महिन्यांनी काहीतरी धड केल्यासारखं वाटलं.

भागवतनं जाकीट घातलं. अंगावर घडवल्यासारखं बसलं. तो खाली बघून दोन्ही बाजूंवरून बोटं फिरवत राहिला.

“कसं आहे?”

“एकदम फिट,” तो म्हणाला. “आता काही भेव नाही, माय.”

तिनं स्वतः वाकून दोरी गाडीच्या कडीत अडकवली. त्या रात्री तिला झोप लागली, आणि पुढेही लागत गेली. ती जेवू लागली. बाह्या आपापल्या बाजूला लागू लागल्या. रोज सकाळी दोरी अडकवणं हे तिचं काम. ती अडकवायची, तो म्हणायचा, “आता काही भेव नाही,” आणि जायचा. वंदनाबाईला पोरगं निर्धास्त झाल्यासारखं वाटायचं, आणि तेही तिला बरंच वाटायचं.

मग एके दुपारी तिच्या डोक्यात धंदा आला. तिनं मलिहाला फोन लावला.

“बेटा, तुझ्या इथून जी जाकिटं जातात ना, त्यायची फिटिंग माझ्याकडं पाठवत जा. भागवतचं केलं मी. दोन्ही बाजूनं असं दाबलं का पाहतच राहशील.”



“चाची, सुई कुठून मारली?”

“बगलेपासून खालपतोर. डबल टीप.”

“चाची...” मलिहा म्हणाली. “तिथं फुगा असतो. त्याला एक भोक पडलं तरी हवा राहत नाही. ते आता फुगणारच नाही. फुगलं तरी लगेच बसेल. त्यांना घालू देऊ नका.”

“मंग तो फुगा बदलून दे!”

“बदलून मिळत नाही हो, चाची. नवीनच घ्यावं लागतं.”

वंदनाबाईनं फोन ठेवला. तिच्यासमोर मशीन होतं, सुई वर थांबलेली. एका इंचात किती टाके बसतात ते तिला आयुष्यभर पाठ होतं. आता ते मोजायची तिची हिंमत झाली नाही. बगलेपासून कमरेपर्यंत. दोन्ही बाजूंनी. वर डबल टीप! आणि पोरगं रोज म्हणून राह्यलं होतं, आता काही भेव नाही. निर्भय होऊन तो ट्रकच्या कडेनं गाडी काढत असेल, अंगात चाळण घालून. आणि चाळण कुणी केली? आईनं.

तिनं भागवतला फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. मग तिला आठवलं की तो उचलणार नाही. तिचंच मेलेलं तोंड आडवं आलं होतं.

ती शेजारच्या दुकानात धावली. रज्जाकभाईनं ट्यूब पाण्यात धरली होती.

“रज्जाकभाई, वडनेरले चला. आत्ता. या टायमाले भागवत तिथंच असते.”

“काय झालं, ताई?”

तिनं सांगितलं. रज्जाकभाईनं पाण्यातल्या ट्यूबकडे पाहिलं. तिथून बुडबुड्यांची एकच बारीक रेघ वर येत होती. त्यानं ट्यूब तशीच सोडली, लुंगी बदलायलाही गेला नाही, आणि गाडीला किक मारली.

देवानंद गेल्यापासून वंदनाबाई मोटारसायकलवर बसली नव्हती. कुठं जायचं झालं तर एसटी, नाहीतर पायी. आता ती विचार न करता मागं बसली आणि रज्जाकभाईचा शर्ट दोन्ही मुठींत धरला. “जोरात घ्या,” ती म्हणत होती. गाडी जोरात निघाली की “हळू, हळू!” म्हणत होती, आणि पुन्हा “जोरात घ्या ना, भाऊ!” रज्जाकभाई बिचारा आपल्याच बेतानं चालवत राहिला. नांदुऱ्याच्या अलीकडे ती ट्रॉलीची जागा आली. तिनं डोळे मिटले. हायवेला प्रत्येक ट्रक दिसला की ती त्याच्या चाकांकडे बघत होती आणि देवाला एकच विनवत होती: आज नको. उद्या काय ते बघू, आज नको.

वडनेरच्या दवाखान्यासमोर भागवतची गाडी उभी दिसली. तो गाडीवर बसलेला, डबा मागे बांधलेला, दोरी अडकवलेली, निघायच्या बेतात. वंदनाबाई गाडी थांबायच्या आतच उतरली, पडता पडता सावरली आणि धावत जाऊन तिनं त्याचा दंड दोन्ही हातांनी धरून ओढला.

“उतर! उतर खाली! काढ ते!”

“माय, थांब... माय, दोरी!”

ती थांबते कशाला. एवढ्या बळानं ओढलं की भागवत गाडीवरून तिच्या अंगावरच आला आणि दोरीला हिसका बसला. बंदुकीसारखा बार झाला. दवाखान्याच्या ओट्यावरची माणसं दचकून उठली. भागवतची मान, छाती, पाठ डोळ्यांदेखत फुगली, आणि एक क्षण वंदनाबाईला वाटलं की मलिहा चुकली, सगळं ठीक आहे, देवानं आपलं ऐकलं. मग आवाज सुरू झाला. बारीक, सरळ रेषेत, दोन्ही बगलांखालून कमरेपर्यंत. सूंऽऽ. बघता बघता जाकीट मलूल होऊन त्याच्या अंगावर पडलं.

ओट्यावर कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. रज्जाकभाई जवळ आला, सवयीनं त्यानं शिवणीला हात लावून पाहिलं आणि मान खाली घातली.

वंदनाबाई रस्त्यावरच बसली. “मी केलं रे हे,” ती रडत म्हणाली. “मी माझ्या हातानं...”

भागवत तिच्याजवळ उकिडवा बसला. त्याच्या चेहऱ्यावर तिला राग दिसला नाही, धक्काही दिसला नाही. ती रडायची थांबली.

“तुले माहीत होतं?”

तो जाकिटाचं बटण सोडू लागला.

“भागवत. तुले माहीत होतं?”

“हाव.”

“कवापासून?”

“तू शिवलं त्याच दिवशी. हात फिरवला तवाच समजलं.”

“मंग काऊन घालून राह्यला होता, रे? काऊन सांगितलं नाही?”

भागवतनं डब्याकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. “तू झोपून राह्यली होती, माय,” तो म्हणाला. “म्हटलं, दिवाळीपतोर पैसे जमवतो, गुपचूप दुसरं आणतो. मी हळूच चालवतो. भेव वाटते मले. लय वाटते.”

एवढे दिवस ती सुखानं झोपत होती आणि हे पोरगं भीती अंगात कोंबून, वर जाकिटाची बटणं लावून, हसत निघत होतं. तिला स्वतःच्या झोपेची लाज वाटली. शिवणीच्या चुकीपेक्षाही जास्त वाटली.

“निघतो. बर्फ वितळून राह्यला,” तो म्हणाला. जाकीट काढून त्यानं तिच्या मांडीवर ठेवलं आणि गाडीला किक मारली. मलकापूरच्या बाजूला तो अगदी कडेकडेनं, सायकलवाल्यासारखा गेला. दिसेनासा होईपर्यंत तिनं रज्जाकभाईला गाडी सुरू करू दिली नाही.

संध्याकाळी भागवत घरी आला. जाकीट देवानंदच्या हेल्मेटशेजारी खुंटीला टांगलेलं होतं.

सकाळी चहा देताना वंदनाबाईचे डोळे लाल होते. भागवतनं विचारलं, “माय, काल झोप लागली?”

“लागली तर,” ती म्हणाली. “अशी गाढ लागली का कूसही बदलली नाही.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला. मग उठून खुंटीवरचं जाकीट काढलं, अंगात घातलं, एकेक बटण लावलं. ती त्याच्यामागं दारापर्यंत आली. वाकली, दोरी हातात घेतली आणि रोजच्यासारखी गाडीच्या कडीत अडकवली. ओढूनही पाहिली.

“आता काही भेव नाही,” भागवत म्हणाला.

“नाही,” ती म्हणाली. “जाय.”