सतरा नंबरची ओवी

विशाखाचं पाठांतर म्हणजे ओवी. पुस्तकातलं वाक्य तसं तिच्या डोक्यात टिकायचं नाही. पण तेच जात्यावरच्या चालीत बसवलं की जात्याच्या तोंडात दाणा जावा तसं आत उतरायचं. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा इतिहास दोनदा राहिला होता. ही तिसरी खेप. निघाला तर बी.एड.चा फॉर्म. नाही निघाला तर बाप, कचरू, आधीच बोलून बसला होता, "मंग बिडकीनला कंपनीत पॅकिंगला. लई झालं शिकणं."

म्हणून तिनं औरंगपुऱ्यातल्या अभ्यासिकेत अठरा नंबरची जागा धरली. प्लायवूडच्या फळ्यांनी पाडलेले कप्पे, एकेक खुर्ची, वर कुरकुरणारे पंखे. बाराच्या ठोक्याला सगळी पोरं मेसवर जायची आणि दोन वाजेपर्यंत हॉलमध्ये ती एकटी उरायची. बाहेर रस्ता उन्हानं मुका. तेवढ्या वेळात तिला गुणगुणता यायचं.

आई, मनकर्णाबाई, फोनवर म्हणाली होती, "ओवी गातीस तर कुणाच्या तरी नावानं गा, बाई. आधी बाबासाहेबांचं नाव घे, मंग माहेराचं. बिननावाची ओवी म्हंजी उंबऱ्यावर ठिवलेली भाकर. ज्याला भूक, त्यो उचलतो."

"आई, चाळीस प्रश्न हायेत. नावं घालत बसू का?"

"घालत जा. सांगून ठिवते."

विशाखा हसली होती.

पहिल्याच दुपारी तिनं मलिक अंबर घेतला.

*मलिक अंबरानं गं, नहर आणली दुरून*

दुसरी ओळ जुळेना. 'दुरून'ला काय? ती पेन चावत बसली. तेवढ्यात फळीपलीकडून, सतरा नंबरातून, बाईमाणसाचा बारीक आवाज आला. मातीच्या नळातून पाणी सरकावं तसा.

*खापराच्या नळातून, पाणी आलं गं फिरून*

विशाखा ताडकन उठली. पलीकडे वाकून पाहिलं. खुर्ची आत सारलेली. टेबलावर धुळीचा थर, त्यावर कुणाचं बोटसुद्धा नाही.

ती दोन दिवस गेली नाही. तिसऱ्या दिवशी पुस्तकातलं काही डोक्यात शिरेना, म्हणून गेली. भीत भीत म्हणाली,

*देवगिरीचं गं नाव, दौलताबाद झालं*

आणि थांबली.

*दिल्लीचं सारं गाव, रडत चालत आलं*

जात्याला दोघी बसतात. एक ओढते, दुसरी रेटते. एक उचलते, दुसरी पुरं करते. विशाखाला लहानपणापासून हेच माहीत. भीती हळूहळू सवय झाली आणि सवयीची गोडी लागली. दहा दुपारींत चाळीस प्रश्न दळून झाले. पहिली ओळ हिची, दुसरी तिची.

पेपरच्या आदल्या दिवशी तिनं अभ्यासिका सांभाळणाऱ्या धम्मपालला सहज विचारलं, "दादा, सतरा नंबर कुणाचाय?"

त्यानं रजिस्टरातून मान वर केली नाही. "कुणाचा नाय. कुणी बसतच नाय तिथं. सुरेखा म्हणून एक पोरगी बसायची. लई हुशार. गेल्या उन्हाळ्यात इतिहासाच्या पेपरला निघाली अन् रस्त्यात ट्रकनं..." त्यानं पान उलटलं. "पेपर तेवढा ऱ्हायला तिचा."

दुसऱ्या दिवशी प्रश्नपत्रिका हातात आली आणि विशाखाला हायसं वाटलं. पहिलाच प्रश्न मलिक अंबर. *मलिक अंबरानं गं, नहर आणली दुरून.* लिहिलं. पुढं?

पुढं काही नव्हतं.

दुसरा प्रश्न घेतला. देवगिरी. पहिली ओळ आली आणि भिंतीशी येऊन थांबली. तिसरा. चौथा. प्रत्येक ओवी अर्धी. तेव्हा तिला उमगलं. अर्धं दळण तिनं कधी केलंच नव्हतं. बिननावाची भाकर रोज उंबऱ्यावर ठेवली होती आणि भुकेल्यानं उचलली होती.

तास उलटला. कागदावर चार ओळी. डोळ्यांसमोर पॅकिंगचे खोके हलायला लागले.

मग तिनं डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत, आईनं सांगितलं तसं, आधी नाव घेतलं.

*सुरेखाबाईला गं, ओवी माझी ही पहिली*

हॉलमधला पंखा थांबल्यासारखा झाला. मानेवर गार वारा आला. अगदी पाठीमागून,

*तुझ्यासंगं दळायाची, हौस मनात राहिली*

"ए ताई," पर्यवेक्षक ओरडले, "काय पुटपुटतीस? लिही ना!"

आणि विशाखा लिहू लागली. खापराचे नळ आले, दिल्लीचं रडतं गाव आलं. हात दुखेपर्यंत, पुरवणी लागेपर्यंत. शेवटचा प्रश्न अर्धा असताना दहा मिनिटांची घंटा झाली आणि आवाज पुन्हा आला. पण या वेळी पहिली ओळ त्याची होती.

*माझा पेपर गं बाई, वाटेवर सांडला*

पुढं शांतता. कुणीतरी जात्याचा खुंटा धरून वाट पाहतंय अशी. प्रश्न तसाच पडला होता, मिनिटं सरत होती. विशाखानं पेन खाली ठेवलं.

*वेचून एक एक दाणा, तुझ्या नावानं मांडला*

मागच्या रिकाम्या बाकावरून कुणीतरी उठल्यासारखं लाकूड वाजलं. शेवटचा प्रश्न अर्धाच राहिला.

जुलैत निकाल लागला. इतिहास, एक्कावन्न. बी.एड.चा फॉर्म भरून ती अभ्यासिकेत अनामत परत घ्यायला गेली तेव्हा दुपारचे साडेबारा झाले होते. हॉल रिकामा. अठरा नंबरात बसून तिनं हळूच पहिली ओळ म्हटली आणि पलीकडे कान लावला.

कुणी उत्तर दिलं नाही.

मग दुसरी ओळ तिनंच म्हटली. पुरी, न अडखळता. ओठ तिचे होते. आवाज बारीक होता, मातीच्या नळातून आल्यासारखा.