भागिले पन्नास

ओट्यावर चारशे ग्रॅम मैदा, एकशे साठ मिलिलिटर पाणी, चार अंडी, दोन कांदे, तीन गाजरं, अंगठ्याएवढा आल्याचा तुकडा आणि लसणाच्या नऊ पाकळ्या होत्या. दहावी पाकळी आतून काळी निघाली म्हणून भाचीने ती मोजली नव्हती. मीठ दोन वाट्यांत वेगळं काढलेलं होतं, चार ग्रॅम कणकेचं आणि बारा ग्रॅम सुपाचं. रविवारचे सव्वादहा वाजले होते आणि घरातल्या तिघांपैकी एकानेही अजून अंघोळ केली नव्हती.

हे आकडे आत्याचेच, पण तिने ते असे सांगितले नव्हते. अठ्ठावीस वर्षं ती एका कारखान्याच्या कँटीनमध्ये दोनशे माणसांचं रांधत आली होती. चौघांना किती लागतं, असं विचारलं की ती बुचकळ्यात पडायची. मैदा वीस किलो, पाणी आठ लिटर, सुपाला साठ लिटर, तासभर उकळायचं, एवढं तिला झोपेतही सांगता आलं असतं. भाची पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिने प्रत्येक आकड्याला पन्नासाने भागलं आणि आता यात चुकायला काही उरलेलंच नाही, असं जाहीर करून टाकलं. आत्या तिला ‘मोजपट्टी’ म्हणायची ते उगाच नाही.

सूप मात्र नुसतं निमित्त होतं. अकरा आठवड्यांपूर्वी आत्या कँटीनच्या ओल्या फरशीवर घसरली आणि तिने उजवं मनगट मोडून घेतलं. प्लास्टर निघून तीन आठवडे झाले होते. उद्या तिला मॅनेजरसमोर नूडल्स कापून दाखवायच्या होत्या. तिथला नियम तिनेच घालून दिलेला: पट्टीची रुंदी तीन मिलिमीटरच्या खाली गेली तर पातेल्यात विरते, चारच्या वर गेली तर मध्ये कच्ची राहते. जमलं तर चूल पुन्हा तिची. नाही जमलं तर खिडकीवर बसून जेवणाची कूपनं फाडायची. मॅनेजरने हे फार अदबीने सांगितलं होतं, म्हणूनच ते तिच्या जास्त जिव्हारी लागलं होतं.

भाची कणीक मळायला पुढे झाली तशी आत्याने तिला कोपराने बाजूला सारलं. जोर डाव्या हाताचा, उजवा नुसता साथीला. गोळा घट्ट झाल्यावर तिने तो ओल्या फडक्याखाली झाकून ठेवला. शेजारी सूप उकळत होतं. बाबा, म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ, चुरगळलेल्या पायजम्यात जेवणाच्या टेबलाशी पेपर घेऊन रेलले होते. याला नाश्ता म्हणायचं की जेवण, असं त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा जो उठून वाडगे मांडेल त्याला दोन्ही मिळेल, असं आत्याने त्यांना सांगितलं. ते उठले नाहीत.

तास झाल्यावर भाचीने चमचाभर सूप तोंडात घेतलं आणि तिचा चेहरा वाकडा झाला. निव्वळ खारट. मीठ बारा ग्रॅमच होतं, हे तिने दोनदा सांगितलं, मग सगळं सूप मापाच्या भांड्यात ओतून पाहिलं. एक लिटर दोनशेपैकी साडेसहाशे मिलिलिटर उरलं होतं.

आत्याला हसू आवरेना. “तुझं मीठ बरोबरच आहे गं. पाणी पळालं.”

कँटीनचं पातेलं छातीइतकं खोल, तासाभरात साठातले तीन-चार लिटर गेले तर गेले. हे वीतभर पातेलं, आणि त्याचं तोंड केवढं! पाणी कमी आणि उघडा पृष्ठभाग त्या मानाने जास्त, असं भाची समजावू लागली. आत्याने ते ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, जेवढं पळालं तेवढं परत घाल म्हणजे झालं. साडेपाचशे मिलिलिटर गरम पाणी आत गेलं आणि सूप ताळ्यावर आलं.

मग आत्याने कणीक लाटली, घडी घातली आणि भाजीची सुरी उचलली.

पहिल्या चार पट्ट्या मोजायचीही गरज नव्हती. एक दोऱ्यासारखी, एक बोटाएवढी रुंद, पुढच्या दोन तिरक्या. बाबांनी पेपर खाली केला आणि लगेच परत वर धरला. दे, मी कापते, हे भाचीच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. आणखी सहा पट्ट्या तशाच पडल्या.

“कूपनं फाडायलाही मनगट लागतंच म्हणा,” आत्या म्हणाली आणि तिने सुरी खाली ठेवली.

भाची पट्ट्यांकडे बघतच नव्हती. ती आत्याच्या कोपराकडे बघत होती. आत्या बुटकी, ओटा तिच्या बरगड्यांना लागत होता, त्यामुळे कोपर वर उचललेलं आणि मनगट खाली मुडपलेलं. तिने विचारलं, तिथलं टेबल केवढं? आत्याने कमरेखाली हात लावून दाखवला. आणि सुरी? सुरी रुंद पात्याची, चांगली जड. दुसऱ्या कुणाच्या हाती पडू नये म्हणून ती टॉवेलात गुंडाळून आत्याने घरीच आणून ठेवली होती.

“आत्या, चूक परत तीच झाली,” भाची म्हणाली. “मी तुलाही पन्नासाने भागलं.”

बाबांना पेपरसकट उठवण्यात आलं. फळी जेवणाच्या टेबलावर आली, पण टेबलही थोडं उंचच पडत होतं, म्हणून आत्या पायाखाली पाट घेऊन उभी राहिली. टॉवेल सोडून जड सुरी काढली. मनगट सरळ झालं. आता दाबावं लागत नव्हतं, पातं आपल्याच वजनाने उतरत होतं. ठक, ठक, ठक. हात चालू असताना आत्या फळीकडे पाहतही नव्हती. या वयातल्या माणसाने रविवारी तरी दाढी करावी, यावर ती भावाला चार शब्द सुनावत होती आणि बाबा निमूटपणे वाडगे मांडत होते.

भाची मिलिमीटरचा दहावा भागही मोजणारा कॅलिपर घेऊन आली.

“आधी खायचं,” आत्या म्हणाली. “केवढ्या रुंद आहेत ते मला माहीत आहे.”

तेव्हा भाचीने नव्या पट्ट्यांतल्या दहा न निवडता बाजूला काढल्या आणि सुकून आकसू नयेत म्हणून ओल्या फडक्यात ठेवल्या. बाकीच्या दोन मिनिटं उकळल्या. प्रत्येक वाडग्यात एक अंडं फुटलं. टेबलाभोवती सुर्र आवाज येत राहिला. चौथा वाटा बाबांनी कुणालाही न विचारता वाढून घेतला. आत्याने वाडगा तोंडाला लावून रिकामा केला, तोही उजव्या हाताने.

सव्वाबारा वाजता भाचीने फडकं उघडलं आणि दहाही पट्ट्या एकेक करून मोजल्या. सगळ्यात अरुंद तीन पूर्णांक दोन मिलिमीटर, सगळ्यात रुंद तीन पूर्णांक आठ.