अणदूरची एकमेव ऑलिव्ह

मी एक जुनी बोरी आहे. पौष लागला तसं मला तोडून टाकलं. हे आधीच सांगते, म्हणजे पुढं कुणी आशा लावून बसायला नको.

पण ते राहू द्या. तसलं काही घडलेलंच नाही असं आपण धरू. मी उभी आहे, ऊन वर आलं आहे, खाली सावली पडली आहे. मित्रांनो, बसा. काटे बघून बसा.

माझा जन्म अणदूरच्या शिवारात एका शेळीच्या पोटातून झाला. तिनं कुठलं तरी बोर खाल्लं, या बांधावर आली, जरा थांबली आणि पुढं निघून गेली. आईची आणि माझी भेट तेवढीच. मला कुणी लावलं नाही, म्हणून मला पाणी घालायची जबाबदारीही कुणाची नव्हती. तरी मी वाढले. मी गुडघ्याएवढी असताना, ज्यांचं हे शेत त्या घरात मथुराबाई नव्या नवरी होऊन आल्या. बांध खुरपता खुरपता त्यांचं खुरपं माझ्यापर्यंत आलं आणि थांबलं.

"ऱ्हाऊ दे हिला," त्या म्हणाल्या. "कुणाचं काय खातीय?"

माझ्या बाजूनं झालेलं ते पहिलं भाषण. दुसरं अजून व्हायचं आहे.

पुढची वर्षं कामाची गेली. दुपारी माणसं माझ्या सावलीत भाकरी खायची. थंडीत मला बोरं लागायची, मथुराबाई ती मीठ लावून वाळवायच्या आणि गावभर वाटायच्या. शाळेतली पोरं मला दगड मारायची. मित्रांनो, आम्हा झाडांचं कौतुक असंच होतं. ज्या वर्षी बोर गोड, त्या वर्षी दगड जास्त. माझ्या शेजारी एक बाभूळ होती, तिला जन्मात कुणी साधा खडा मारला नाही. त्या दुःखानं ती वाळली असं माझं मत आहे. बाकीचे म्हणतात, वाळवी लागली.

मथुराबाईंचा मुलगा रणधीर शिकला आणि पुण्याला एका कंपनीत लागला. कंपनीनं त्याला कसल्याशा ट्रेनिंगला इटलीत धाडलं. तिथं सुट्टीला तो खेड्यातल्या एका फार्महाऊसवर जाऊन राहिला. शेतातलं घर, अंगणात कोंबड्या, झाडाखाली टेबल, आणि एक म्हातारी बाई गरम गरम वाढतेय आणि आणखी घे, आणखी घे म्हणतेय. असलं काही त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. निदान त्याला तसं वाटलं. परत आला तो नोकरी सोडूनच आला.

"आई, तिथं लोक लेकरंबाळं घेऊन शेतात राहायला येतात. पैसे देऊन!"

"का? त्येंची घरं पडली का काय?"

"हौस म्हणून गं."

"आसं व्हय," मथुराबाई म्हणाल्या. "मंजी म्या इतकी वर्सं हौसच करत हुते."

बघता बघता शेतात पिवळं घर उभं राहिलं. कमानी आल्या, लाल कौलं आली. अंगणातल्या कोंबड्या घाण करतात म्हणून रणधीरनं त्या विकल्या आणि भिंतीवर कोंबड्यांची चित्रं काढून घेतली. फाटकावर पाटी लागली: 'कासा मथुरा. सहकुटुंब राहण्यासाठी अस्सल इटालियन फार्महाऊस.' कासा म्हणजे तिकडच्या भाषेत घर. रणधीरचं स्वतःचं लग्न काही जमत नव्हतं, पण फार्महाऊस सहकुटुंब होतं.

आता राहिलं पार्किंग. आणि पार्किंगच्या जागेवर नेमकी मी.

जेसीबी घेऊन ईरण्णा आला. मुरुम गावाकडचा माणूस, बोलायला गोड. त्यानं मला खालून वर पाहिलं, एखादा न्हावी गिऱ्हाइकाला बघतो तसं.

"मालक, येकच धक्का. च्या व्हायच्या आत आडवी करतो."

तेवढ्यात मथुराबाई आल्या, पदर खोचला आणि माझ्या बुडाशी मांडी घालून बसल्या.

"आदी मला उचल, मग तिला."

"मावशी," ईरण्णा कळवळून म्हणाला, "मशिनीला माणूस उचलायची परवानगी न्हाय."

रणधीर चिडून माझ्याभोवती फेऱ्या मारू लागला. आणि मित्रांनो, तेव्हाच वारा आला. बोरीचं पान वरून हिरवं असतं, खालून पांढुरकं. वाऱ्यानं माझी सगळी पानं उलटी झाली आणि रणधीर जागच्या जागी थांबला.

"आई, ही तर ऑलिव्हसारखी दिसतीय! तिकडं प्रत्येक फार्महाऊसला ऑलिव्ह असतंच. अशीच बुटकी, वाकडी, चंदेरी."

"मंग ऱ्हाती का न्हाय ती?"

"राहील. पण आजपासून ही बोरी नाही. ही ऑलिव्ह आहे. ज्या दिवशी एखादा पाहुणा हिला बोरी म्हणेल, त्या दिवशी पार्किंग."

"आन् म्या काय म्हनू हिला?"

"तू काहीच म्हणू नकोस."

ईरण्णा म्हणाला, "मग मशिन हितंच ठिवतो मालक. न्ह्यायला-आनायला डिझेल जातंय." तो मोठा आशावादी माणूस होता.

दुसऱ्या दिवशी माझ्या खोडात खिळे ठोकून पाटी लावली: 'ऑलिव्ह. वय चारशे वर्षं. हात लावू नये.' एका दिवसात मी चारशे वर्षांची झाले. मनानं मला तसं वाटतच होतं. खालच्या फांद्यांचे काटे रणधीरनं स्वतःच्या नेलकटरनं काढले. शाळेतली पोरं आली तर त्यांच्या अंगावर धावून गेला, "परदेशी झाडाला दगड मारता का रे?" पोरं बिचारी घाबरून गेली ती परत आली नाहीत. त्यानंतर माझ्यावर एकही दगड आला नाही. मला बाभळीची फार आठवण यायला लागली.

खरी पंचाईत पुढंच होती. बोरीला बोरं लागतात.

दिवाळी झाली तशा मथुराबाई एका संध्याकाळी माझ्याजवळ आल्या, इकडंतिकडं बघितलं आणि खोडाला तोंड लावून कुजबुजल्या, "बाई गं, यंदा फळू नगंस. तुज्या पाया पडते."

मी प्रयत्न केला. तुमच्यापैकी कुणी न फळण्याचा प्रयत्न केला असेल असं मला वाटत नाही. श्वास कोंडून धरला, मुळं आखडून घेतली, फुलांशी बोलणं टाकलं. त्या भीतीनं मी आजवर कधी फळले नाही इतकी फळले. फांद्या वाकून जमिनीला टेकल्या. रणधीरनं फोटो काढून सगळीकडं पाठवला आणि खाली लिहिलं, 'ऑलिव्हचा बहर.' त्यावर पहिलं बुकिंग आलं.

पुण्याचं कुटुंब होतं. चारुशीला नावाची बाई, तिचा पहिलीतला मुलगा कैवल्य आणि तिचे सासरे वसंतराव, निवृत्त हेडक्लार्क. हे वसंतराव मूळचे आमच्याच भागातल्या बेंबळीचे आणि पोरवयातच गाव सुटलेले, ही गोष्ट रणधीरला ठाऊक नव्हती. आणि ज्या तारखेला त्यानं त्यांना बोलावलं, ती येळवशीची होती. शाळेच्या सुट्ट्या त्यानं पाहिल्या होत्या, अमावास्या पाहिली नव्हती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला आमच्याकडं गावात माणूस सापडत नाही. सगळं गाव शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, पूजा करायची, आणि भज्जी म्हणजे पालेभाज्या-शेंगांची घट्ट मिसळ, आंबील, बाजरीचे उंडे असं जेवायचं. वाटेनं जाणारा दिसला की त्याला ओढून पंगतीत बसवायचं. 'नको' हा शब्द त्या दिवशी कुणाला ऐकू येत नाही.

"आज आपल्याकडं येळवस नाही," रणधीरनं आईला बजावलं. "आज आपल्याकडं पास्ता."

"काळ्या आईला काय सांगू?"

"पाहुणे आहेत म्हणून सांग."

माझ्याखाली टेबल मांडलं. चारुशीलाबाईंनी माझ्यासोबत फोटो काढले आणि कैवल्यनं ऑलिव्ह खायला मागितलं. रणधीर म्हणाला, "ऑलिव्ह कच्चं खात नाहीत रे बाळा." पास्ता शिजला होता की नाही याबद्दल दोन मतं होती, पण दोन्ही मतं कुणी तोंडातून काढली नाहीत. सगळं सुरळीत चाललं होतं. मला तर वाटायला लागलं की मी खरंच इटलीची असेन. ती शेळी तरी कुठली होती, कोण सांगणार?

आणि शेजारचे शिवलिंगप्पा आले. डोक्याला टॉवेल, एका हातात भज्जीचं पातेलं, दुसऱ्या हातात आंबिलीची कळशी.

"ओ पाव्हणं! येळवशीला परक्यावानी काय बसलाव?"

"काका, हे इटालियन जेवण चाललंय," रणधीर आडवा आला.

"इटलीत येळवस न्हाय व्हय?" शिवलिंगप्पांचा चेहरा पडला. "आरं आरं आरं." आणि कीव येऊन त्यांनी सगळ्यांच्या पास्त्यावर भज्जी वाढली.

वसंतरावांनी एक घास घेतला. मग दुसरा. मग चमचा बाजूला ठेवून हातानं जेवू लागले. आंबील तळापर्यंत प्याले. त्यांचं माझ्याकडं लक्षही नव्हतं. त्यांचा हातच आपोआप वर गेला. पाटीच्या वरची फांदी हातानं बरोबर शोधली, एक पिकलेलं बोर तोडलं, सदऱ्याला पुसलं आणि तोंडात टाकलं. स्वयंपाकघराच्या दारातून मथुराबाई दोन्ही हात हलवून नको नको करत होत्या. वसंतरावांनी बी लांब थुंकलं.

"आगागागा!" वसंतराव एकदम ओरडले, आणि पुण्यातली सगळी वर्षं त्यांच्या जिभेवरून गळून पडली. "सूनबाई, बोरी हाय ही! आमच्या बेंबळीच्या बांधावर आशीच व्हती. तीच चव! बोरी गं, बोरी!"

मित्रांनो, किती दिवसांनी मला कुणी नावानं हाक मारली. मरण पाच पावलांवर पिवळा रंग लावून उभं होतं आणि मला आनंद झाला. असं व्हायला नको होतं, पण झालं. मी त्यांच्या डोक्यावर मूठभर बोरं टाकली. वारा नव्हता.

"म्हणजे ऑलिव्ह नाही?" चारुशीलाबाईंनी पाटीकडं बघितलं. "मग हे चारशे वर्षं काय आहे?"

"कशाची च्यारशे!" मथुराबाई दारातूनच बोलून गेल्या. "माज्या लग्नाच्या वक्ताला एवढुशी हुती की!"

बोलल्या आणि पदर तोंडावर दाबून धरला.

पाहुणे उठून शिवलिंगप्पांच्या कोपीवर गेले आणि दिवसभर तिथंच रमले. संध्याकाळी कोपीवरूनच चारुशीलाबाईंनी मोबाइलवर अभिप्राय लिहिला: 'शेजारचं शेत अप्रतिम.' रणधीरनं तो वाचला, कमानीत बसून विचार केला आणि त्याला कारण सापडलं. पार्किंग नसल्यामुळं गाडी रस्त्याकडं तोंड करून उभी होती, म्हणून पाहुण्यांना सारखं उठून जावंसं वाटत होतं.

ईरण्णाही कोपीवर जेवायला होताच. हात धुऊन आला. "मालक, पाव्हण्यांनी तर बोरी म्हटलं."

वसंतरावांना हा प्रकार कळला तेव्हा ते धावत आले. "अहो, माझी चूक झाली. ऑलिव्हच आहे ती. मी शपथेवर सांगतो!"

"काका," रणधीर शांतपणे म्हणाला, "आता तुम्ही खोटं बोलताय."

दुसऱ्या दिवशी मथुराबाई पुन्हा माझ्या बुडाशी येऊन बसल्या. मला धीर आला. रणधीर त्यांच्यासमोर उकिडवा बसला. तो रागावला नाही, तेच वाईट झालं.

"आई, मी जगापुढं हिला ऑलिव्ह केली. ती बोरीच आहे हे तूच बोललीस ना?"

त्या उठल्या. पदरात मावतील तेवढी बोरं घेतली, माझ्याकडं न बघता घरात गेल्या. आणि जे घडलंच नाही असं आपण धरून चाललो होतो, ते घडलं. ईरण्णाचा शब्द खरा होता. चहा अजून उकळतच होता.

आता माझ्या जागी सिमेंटचे ब्लॉक आहेत आणि त्यांच्यावर पांढरे पट्टे. माझी पाटी वाया जायला नको म्हणून रणधीरनं ती समोरच्या विजेच्या खांबाला बांधली आहे. त्यानंतर एकही पाहुणा आलेला नाही, त्यामुळं खांबाला अजून कुणी ओळखलेलं नाही. खाली माझी मुळं तेवढी आहेत. ब्लॉकच्या फटीतून मी एकदा कोंब वर काढून पाहिला. रणधीरनं गवत समजून उपटला. बरंच झालं, ओळख पटली नाही.

दुपारी मथुराबाई अजून त्याच जागी भाकरी घेऊन बसतात.

"आई, ऊन लागतंय, आत ये," रणधीर कमानीतून हाक मारतो.

"सावलीतच हाय म्या," त्या म्हणतात.

तोही रिकाम्या पट्ट्यांकडं बघत बसतो.

मित्रांनो, झाडं जपा, असं मी सांगणार होते. पण ते तुमच्या शाळेच्या भिंतीवर लिहिलेलंच असतं, आणि ती भिंत बांधताना आमच्यातलं कुणीतरी गेलेलं असतं. म्हणून एवढंच सांगते. जे जवळ आहे ते दूरच्या नावाशिवाय आवडून घ्यायला शिका. आणि एखाद्याला त्याच्या खऱ्या नावानं हाक माराच, पण हळू मारा. आजूबाजूला कोण उभं आहे ते बघून मारा.

सबब, माननीय संबंधित अधिकारी यांना सविनय विनंती की, मौजे अणदूर येथील सदर पार्किंगमध्ये, ज्या कारणास्तव ते करण्यात आले त्यास अनुसरून, किमान एक चारचाकी वाहन, न जमल्यास दुचाकी, तेही न जमल्यास सायकल, थोडा वेळ उभी करण्याचे आदेश व्हावेत, जेणेकरून अर्जदार कशासाठी गेली हे अर्जदारास समजेल. उभ्या वाहनास सावली पुरवणे अर्जदारास यापुढे शक्य होणार नाही, याची कृपया नोंद घ्यावी.