घरातले सगळे भोपळे

मी चिडका माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. ट्रॅक्टर दुरुस्त करणं हा माझा धंदा, आणि नट निघाला नाही तर मी नटाशीसुद्धा भांडतो. पण त्या रविवारी उस्तिनाच्या घरी माझ्या तोंडून शब्द फुटेना, कारण समोरच्या वाडग्यात भोपळ्याचं सूप होतं.

आमच्या पोल्तावा भागात मुलगी मागायला आलेल्याला तोंडावर कुणी नाही म्हणत नाही. आतून एक भोपळा आणून त्याच्या हातात ठेवतात, की विषय संपला. मग तो काखोटीला मारून गावातून घरी जायचं आणि लोकांनी कुंपणाशी उभं राहून बघायचं. माझ्या आईला तीन मुलगे. सगळ्यांची लग्नं होईपर्यंत घरात भोपळा शिरणार नाही, असा तिचा कायदा होता. दोघं भाऊ सुटले, मी राहिलो. त्यामुळे जे सूप इथे दात न आलेली पोरंही खातात, ते मी एक्केचाळीस वर्षांचा घोडा झालो तरी कधी चाखलं नव्हतं.

उस्तिना गुरांची डॉक्टर. तिनं आजवर तिघांना भोपळा दिलेला, त्यातल्या एकाला तर फाटकातच. माझ्याशी मात्र वर्षभर तिचं छान जमलं होतं. लग्नाचं विचारलं तर म्हणाली, रीतीप्रमाणे मोठं माणूस घेऊन घरी ये, उत्तर तिथे देईन. दुसरी शोधायचं माझं वय राहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला दुसरी नकोच होती.

म्हणून ऑक्टोबरात, पोक्रोवाचा सण होऊन लग्नसराई लागल्यावर, प्रोकिपमामाला घेऊन गेलो. आम्ही शिकारी आहोत, एका उदमांजरीचा माग काढत इथवर आलो, हे सोयरीक मागताना म्हणायचं जुनं पालुपद मामानं सुरू केलं. उस्तिनाच्या आईनं, यावदोखामावशीनं, ते अर्ध्यातच तोडलं. आधी जेवा म्हणाली आणि भराभर वाडगे मांडले. दुधातलं पिवळंधमक सूप, त्यात वरईचे दाणे, वर लोण्याचा गोळा.

माझे कान तापले. नकार द्यायचा तो द्या, पण हा काय प्रकार? हातात भोपळा दिला असता तर निदान उठून जाता आलं असतं. इथे तो शिजवून वाढलेला, आणि वाढलेल्या अन्नावरून उठायचं कसं? मामाला कशाचं काही नव्हतं, तो भुरके मारत होता. मी पहिला चमचा तोंडात घातला तो औषधासारखा. चव कसली लागतेय, नुसतं घशाखाली ढकलत होतो. उस्तिना कुठल्याशा गाईची सुटका करून तेवढ्यात आली होती. हात धुऊन बसली, वाडग्यात बघितलं, मग आईकडे बघत राहिली. आपली वर्षभराची ओळख इथेच संपली, असं मी मनाशी धरलं आणि मला रडायला आलं.

शेवटी राहवेना. "यावदोखामावशी, नाही म्हणायचं तर सरळ म्हणा," मी म्हणालो. "असं शिजवून कशाला घालताय?"

मावशीनं हातातली पळी खाली ठेवली. तिच्या बोटाला चिंधी बांधलेली होती.

"नाही कोण म्हणतंय रे तुला?" ती म्हणाली. "मला तू आवडलास. पण हिचा काही नेम आहे का? तिघांना वाटेला लावलंय हिनं. म्हणून कालपासून चिरत बसलेय. माळ्यावरचे चिरले, तळघरातले चिरले, उरले ते डुकरांना घातले. घरात एकही ठेवला नाही. मग बघू म्हटलं, ही देते काय."

मामाचा चमचा तसाच हवेत राहिला. म्हणजे मावशीचा नकार नव्हता तर. पण म्हणूनच आता मला जास्त भीती वाटायला लागली, कारण आम्ही तिघंही उस्तिनाकडे बघत होतो आणि ती शांतपणे सूप खात होती.

"आई, शेजारच्या काकूंच्या अंगणात ढीग पडलाय भोपळ्यांचा," ती म्हणाली. "आज सकाळीच काकू कुंपणावरून विचारत होत्या, पाहुणे यायचेत तर एक देऊन ठेवू का."

"मग?" मावशीनं विचारलं.

"मी नको म्हटलं."

मला समजायला जरा वेळ लागला. मामाला आधी समजलं, त्यानं माझ्या पाठीत असा रट्टा घातला की सूप अंगावर सांडलं. एरवी डोक्याच्या रुमालाआड रडणारी मावशी उघड रडली. माझ्या छातीवरचं पोतं कुणी उचलून नेलं म्हणा ना. हुश्श करून मी चमचा बुडवला आणि आत्ता कुठे मला त्या सूपाची चव लागली. गोडसर, दुधाळ, लोण्याचा वास. इतकी वर्षं आईनं मला कशाला मुकवलं होतं, कुणास ठाऊक.

मीठ कमी होतं. मी तसं सांगितलं, तर मायलेकी दोघी एकदमच माझ्या अंगावर आल्या, आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.