एकांताची जाहीर सूचना

चूक पाळकांचीच. रविवारच्या उपासनेत त्यांनी सगळ्या मंडळीला बजावलं, "आपल्या शिंपीणबाई सेविका होण्याआधी चर्चमागच्या खोलीत उपास करून एकांतात बसणार आहेत. त्यांना कोणी त्रास देऊ नये." म्हणजे मी कुठे सापडेन हे ज्यांना ठाऊक नव्हतं, त्यांनाही कळलं. त्यात आमच्याकडे पक्की समजूत, की उपाशी माणसाची प्रार्थना लवकर पोचते.

सकाळी गुडघे टेकले तोच दारावर थाप. नणंद. "वहिनी, तुला त्रास द्यायला नाही आले गं. फक्त मुलीच्या लग्नाचं तेवढं देवाच्या कानावर घाल." मग चर्चमध्ये पेटी वाजवणारा सांधेदुखी घेऊन आला. मग एक गिऱ्हाईक. त्याला प्रार्थना नको होती, कोटाची बाही हवी होती. येशूला अरण्यात गाठायला एकटा सैतान आला होता, माझ्याकडे अख्खी मंडळी लोटली. पोटात कावळे ओरडत होते आणि डोकं असं तापलं होतं, की देव समोर आला असता तर त्यालाही म्हटलं असतं, काय ते लवकर बोल.

मला एकच गोष्ट विचारायची होती. देव खरंच बोलावतोय, की मी घराला विटलेय? येत्या रविवारी सेविकेची शपथ घेण्याआधी हे कळायलाच हवं होतं.

दुपारी नवरा आला. "अगं, साखरेचा डबा कुठंय?"

"अहो, मला देवाला एक प्रश्न विचारायचाय. तो तरी विचारू द्याल का?"

"कसला प्रश्न?"

दिवसभरात हे विचारणारा तो पहिलाच. मी सांगून टाकलं. त्याचा चेहरा उतरला. "मी तर रविवारी सगळ्यांना जेवायला सांगून बसलोय," एवढंच म्हणाला आणि बाहेर पायरीवर बसला. "बस तू. आता कोणाला येऊ देत नाही."

खरंच कोणी आलं नाही. मी डोळे मिटले, पण कान दाराकडेच. बाहेर कोणी कुजबुजलं की जीव खालीवर. कोण असेल, काय हवं असेल, माझ्यावाचून त्यांचं कसं होईल? संध्याकाळ झाली तरी देवाशी मी एक शब्द बोलले नव्हते. नणंदेलाच हाक मारावी असं वाटलं, तेव्हा मला माझीच इतकी चीड आली की रडू फुटलं.

मी दार उघडलं. "रविवारचं जेवण रद्द करा."

"आणि पाळकांना काय सांगू?"

"सांगा, तिचा उपास अजून सुरूच झालेला नाही."