वेनच्या मिरच्या

कोलचा फोन आला तेव्हा नीला नुकतीच दुकानातून आली होती. गाडी गॅरेजमध्ये लावता लावता स्क्रीनवर त्याचं नाव दिसलं आणि तिचा हात थबकला. लेकीचा आणि त्याचा घटस्फोट झाल्यापासून त्याने एकदाही फोन केला नव्हता. तिनेही केला नव्हता. आरोहीने आईकडून तसा शब्दच घेतला होता.

"आई," तो म्हणाला. मराठीतला एवढा एकच शब्द त्याला येत होता, बाकी सगळं इंग्रजीत. "डॅड गेले. काल सकाळी."

नीलाने इंजिन बंद केलं. "त्रास झाला का रे?"

"नाही. झोपेतच गेले. शनिवारी चर्चमध्ये अंत्यविधीची सर्व्हिस आहे. नंतर खालच्या हॉलमध्ये जेवण. सगळे घरून काही ना काही करून आणतात. मी त्या मिरच्या करीन म्हणतो. डॅडनी परवाच आठवण काढली होती. तुमचा तो मसाला किती घालायचा, तेवढं फक्त सांगा. मी जास्त वेळ घेणार नाही."

सांगायला अर्धं मिनिटही लागलं नसतं. पण नीला म्हणाली, "असं फोनवर नाही सांगता येत. शुक्रवारी सकाळी खिमा घेऊन इकडेच ये."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ गाडीतच बसून राहिली. दुधाची पिशवी तशीच मागच्या सीटवर होती.

नीला पॅथॉलॉजिस्ट होती. नोकरीची सगळी वर्षं तिने कोलंबसच्या हॉस्पिटलांमध्ये काढली आणि निवृत्त झाल्यावर कोलंबसलगतच्या डब्लिन उपनगरातल्या त्याच घरात राहिली. जन्मापासून शाकाहारी. मांसाची तिच्या हाताला सवय होती, जिभेला नव्हती. आरोहीने लग्न ठरवलं ते ओहायोच्या दक्षिणेकडच्या, लोगनजवळच्या मुलाशी, आणि तो दर वर्षी वडिलांबरोबर हरणाच्या शिकारीला जातो असं कळलं तेव्हा नीला नवऱ्याला म्हणाली होती, "त्र्यंबक, आपल्या मुलीला माणसं मारत नाही असा मुलगा मिळाला, एवढ्यावर समाधान मानायचं का आता?" त्र्यंबक हसत सुटला होता.

पण पहिल्या थँक्सगिव्हिंगला ती लोगनला गेली आणि कोलच्या वडिलांनी, वेनने, दारातच सांगितलं, "तुमच्यासाठी बीन्स वेगळ्या शिजवल्यात. डावसुद्धा वेगळा ठेवलाय." स्कूल बसच्या गॅरेजमध्ये आयुष्य गेलेला, रुंद पंजांचा, मोजकं बोलणारा माणूस. त्याची बायको कधीच वारली होती. त्याने तो वेगळा डाव नीलाच्या हातात ठेवला, आणि त्या घराबद्दल मनात धरलेली अढी नीलाला तिथेच सोडून द्यावी लागली.

त्र्यंबक गेला त्या हिवाळ्यात नीलाने स्वयंपाक सोडला होता. ब्रेड आणि दही खाऊन राहायची. एका रविवारी कोल हरणाच्या खिम्याचं पाकीट आणि पिशवीभर हालापेन्यो मिरच्या घेऊन आला. म्हणाला, "आमच्याकडचा ओव्हन बिघडलाय. इथे करू का?" ओव्हन बिघडलेला नव्हता, हे आरोहीने नंतर सांगितलं. तो मिरच्या उभ्या चिरत बसला, चहाच्या चमच्याने बिया खरवडून काढल्या, खिम्यात क्रीम चीज कालवलं. नीला सोफ्यावरून बघत होती. शेवटी न राहवून उठली.

"नुसतं चीज आणि मीठ? अरे, त्या मांसाचा वास किती उग्र आहे. आलं-लसूण नको का त्याला?"

तिने कांदा परतला, आलं-लसूण घातलं, त्यावर खिमा मोकळा करून कोरडा होईपर्यंत भाजायला लावला. मग आईच्या भरल्या मिरच्या आठवल्या, म्हणून दाण्याचं कूट आणि गोडा मसाला घातला. लिंबू पिळलं. सगळं गार झाल्यावर क्रीम चीज. मिरच्या भरून वर बेकनची पट्टी गुंडाळायची ती मात्र कोलने. हरणाच्या मांसाला चरबी नसते, बेकन नसलं तर ते ओव्हनमध्ये वाळून जातं, हे त्याने समजावून सांगितलं. नीलाने चव घेतली नाही, पण त्या दिवशी स्वतःसाठी पिठलं-भात केला.

मग ते दर वर्षीचंच झालं. थँक्सगिव्हिंगनंतर शिकारीचा आठवडा संपला की वेन आणि कोल दोघेही यायचे. नीला चाखत नसे, म्हणून मिठाचा निर्णय वेनचा. तो एक घास खाऊन डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "डॉक्टर, अजून चिमूटभर." आरोही त्याच्या शेजारी काउंटरवर चढून बसायची. नीलाच्या घरात त्र्यंबकनंतर हसण्याचा आवाज आला तो त्या दिवसांत.

ते मोडलं कसं, यात कुणाला दोष द्यावा हे नीलाला अजूनही कळत नव्हतं. आरोहीला दुसऱ्या राज्यात, अ‍ॅशबर्नला मोठी नोकरी मिळाली. कोल तिच्याबरोबर जाणार होता, पण तेवढ्यात वेनचं हृदयाचं दुखणं सुरू झालं. "थोडे महिने," कोल म्हणाला. आरोही एकटी गेली. थोड्या महिन्यांची दोन वर्षं झाली. दोघं फोनवर भांडायची, मग भांडायचीही बंद झाली. शेवटी वकिलांमार्फत बोलू लागली.

महाराष्ट्र मंडळातल्या बायका आरोहीची चौकशी करत. "सुटली बाई एकदाची," कुणीतरी म्हणालंसुद्धा. नीला मान हलवायची. आपल्यालाही काही झालंय, हे कुणाला सांगावं असं तिला वाटलंच नाही. मुलीचा संसार मोडल्यावर सासूने जावयासाठी रडायचं, हे दिसायलाही बरं दिसलं नसतं.

शुक्रवारी कोल आला तो बारीक झालेला, दाढी वाढलेली. दारात क्षणभर दोघांनाही काय करावं कळेना. मग त्याने खिम्याची गोठलेली पाकिटं पुढे केली. "डॅडनी मारलेलं शेवटचं हरीण. दोन वर्षांपूर्वीचं. गेल्या हंगामात ते ट्रकमध्येच बसून होते."

"ठेव सिंकमध्ये. आधी काहीतरी खा."

त्याने दोन पोळ्या भाजीबरोबर खाल्ल्या, उभ्यानेच. नंतर दोघं कामाला लागली. मिरच्यांचा मोठा ढीग होता. नीलाने सवयीने हातमोजे चढवले, त्याने नेहमीप्रमाणे नाकारले. खिम्याचा वास घरभर पसरला. एकदा कोल म्हणाला, "मसाला मी बघून ठेवतो, पुढच्या वेळी..." आणि वाक्य सोडून दिलं.

काउंटरवरचा आयपॅड वाजला. आरोही. ती शुक्रवारी घरून काम करायची आणि मधल्या सुट्टीत आईला हमखास व्हिडिओ कॉल करायची. नीला हे विसरली नव्हती. त्याआधीच सगळं आटपेल, असं तिने मनाशी धरलं होतं, इतकंच. तिने हातमोजा काढून कॉल घेतला.

"आई, जेवलीस का? मी आज..." आरोहीला मागचा ट्रे दिसला. "वेट. ते बेकन आहे? आई, कोण आहे तिथे?"

कोल फ्रीजच्या बाजूला सरकला होता.

"कोल आलाय," नीला म्हणाली. "आरोही, ऐक. वेन गेले. सोमवारी."

आरोहीचा चेहरा लहान मुलीसारखा दिसायला लागला. वेनने तिला ट्रॅक्टर चालवायला शिकवलं होतं. लग्नात फेटा बांधून सगळ्यांच्या देखत तो रडला होता, आणि शिकारीच्या आठवड्यात पहाटे थर्मासमधली कॉफी घेऊन तो आणि आरोही ट्रकमध्ये गप्पा मारत बसायचे. मग तो बाकीच्यांमागून जंगलात जायचा.

"मला कुणीच नाही सांगितलं," ती शेवटी म्हणाली. "सोमवारी गेले आणि मला कुणी सांगितलं नाही."

कोल पुढे आला. स्क्रीनसमोर उभा राहिला, हात खिम्याने माखलेले. "सांगायला हवं होतं. पण तू माझा नंबर ब्लॉक केलायस. वकिलाकडून कळवायचं, हे मला बरं वाटेना."

"कोल, आय अ‍ॅम सो सॉरी."

"हो."

"मी येऊ का उद्या? आत्ता निघाले तर रात्रीपर्यंत पोचेन. मागे बसेन. कुणाशी बोलणार नाही."

नीलाने कोलकडे पाहिलं. त्याने हो म्हणावं, असं तिला इतकं वाटलं की तिने काउंटरची कड घट्ट धरली. तो खूप वेळ ट्रेकडे बघत राहिला.

"नको," तो म्हणाला. आवाज मुळीच कडवट नव्हता. "डॅडना फार आवडलं असतं. पण तू आलीस तर मी त्यांच्यासाठी रडतोय की कशासाठी, ते मलाच कळणार नाही. उद्याचा दिवस मला त्यांच्यासाठी हवाय."

"ओके," आरोही म्हणाली. "ओके. आई, तू जा पण. प्लीज." आणि कॉल बंद झाला.

उरलेल्या मिरच्या त्यांनी भरल्या. भाजून झालेल्या पहिल्या घाण्यातली एक नीलाने बशीत ठेवून त्याच्यापुढे सरकवली. "मीठ बघ."

त्याने घास घेतला आणि बशी खाली ठेवून तोंड फिरवलं. नीलाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. एवढा उंच माणूस, तिच्या खांद्यावर डोकं टेकवायला त्याला पार वाकावं लागलं.

शनिवारी नीला एकटीच गाडी घेऊन लोगनला गेली. सर्व्हिसला गाव लोटलं होतं. खालच्या हॉलमध्ये लांब टेबलावर हॅम, बटाट्याचं सॅलड, नूडल्स, अ‍ॅपल पाय मांडलेले होते आणि मध्ये मिरच्यांचे ट्रे. लोक प्लेट भरून घेत, पहिल्या घासाला थांबत, परत येत. कोलची डॉना आत्या नीलाचा हात धरून प्रत्येकाला सांगत होती, "ही कोलची सासू. या मिरच्या हिच्याच. वेन हिला डॉक्टर म्हणायचा." कोल शेजारीच उभा होता. त्याने ते दुरुस्त केलं नाही, आणि नीलानेही नाही.

निघताना तो गाडीपर्यंत सोडायला आला. थंडी होती. कोट न घालताच आला होता.

"यंदा मी एकटा जाईन शिकारीला," तो म्हणाला. "आलो की खिमा घेऊन येईन तुमच्याकडे. चालेल ना? आपण दोघंच करू."

हॉलमध्ये असल्यापासून नीला हीच गोष्ट टाळत होती. "नको आणूस, कोल."

त्याने हात खिशात घातले.

"तू आलास तर मला बरंच वाटेल. म्हणूनच नको. ती माझी एकुलती एक मुलगी आहे. या घरात तू येतोस हे माहीत असलं तर ती मोकळेपणाने यायची नाही. तिला दुसरं माहेर नाहीये." तिने पर्समधून किल्ली काढली. "आज बोलले नाही तर पुन्हा मला बोलता येणार नाही."

"कळतंय मला," तो म्हणाला. मग म्हणाला, "मला आई नव्हती, तुम्हाला माहितीये."

"माहितीये रे."

त्याने गाडीचं दार उघडून धरलं, ती बसल्यावर हलकेच लावलं, आणि छतावर दोनदा थाप मारली.

संध्याकाळी ती घरी पोचते न पोचते तोच आरोहीचा फोन. तिला सगळं ऐकायचं होतं. कोण कोण आलं, कुठलं गाणं म्हटलं, वेनला कुठला शर्ट घातला होता. नीलाने सगळं सांगितलं. पार्किंगमधलं सोडून.

मग आरोहीने विचारलं, "त्याने काही विचारलं का? माझ्याबद्दल?"

नीला खोटं बोलू शकली असती. "नाही गं," ती म्हणाली.

मग आरोही म्हणाली, "मी त्याला ब्लॉक का केलं माहितीये, आई? त्याने एकदा जरी 'ये' म्हटलं असतं ना, तर मी नोकरी सोडून आले असते. मग मला त्याचा राग आला असता. आयुष्यभर." ती रडू लागली. "आणि त्याने कधी म्हटलंच नाही. मला वाटायचं, तो म्हणत असेल, ब्लॉक केल्यामुळे मला कळत नाहीये."

"तू ये इकडे," नीला म्हणाली. "चार दिवस ये."

आरोही पुढच्या आठवड्यात आली आणि चांगली राहिली. आईच्या बिछान्यात झोपली, तिच्या हातचं जेवली, वेनच्या आठवणी काढून हसली. तेव्हापासून ती वरचेवर येते. पार्किंगमध्ये काय बोलणं झालं ते नीलाने तिला सांगितलेलं नाही.

त्या वर्षी थँक्सगिव्हिंगनंतर बर्फ लवकर पडला. शिकारीचा आठवडा आला आणि गेला. त्या रविवारी ड्राइव्हवेत एखादी गाडी वळल्यासारखं वाटलं की नीला खिडकीशी जायची. कोल आला नाही. त्याने तिचा शब्द पाळला. तो मोडेल, निदान एकदा तरी मोडेल, असं तिला वाटलं होतं.