मी पुस्तकातला पाणमेंढा

मित्रांनो, सभागृहात आलात की तुम्ही आधी माझे पंख ओढून पाहता. मग शिंगांवर बोट घासून सोने निघते का ते बघता. ते पंख माझे नव्हेत आणि तो रंगही माझा नव्हे. मी एक जुना, लंगडा मेंढा आहे. लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्यावर खरी लोकर चढवून मला बनवले, आणि माझा जन्म एका पुस्तकातून झाला.

त्या पुस्तकाचे नाव ‘पाणमेंढा’. वाईच्या विनोदिनीबाईंनी ते फार वर्षांपूर्वी लिहिले. त्या तेव्हा शाळेत शिकवत होत्या. गोष्ट माणदेशातली आहे. तळे आटणार हे एका म्हाताऱ्या मेंढ्याला आधीच कळते. तो सगळे तळे पिऊन टाकतो आणि ते आपल्या लोकरीत साठवतो. मग पुढच्या डाव्या पायाने लंगडत गावोगाव फिरतो आणि ज्याच्या त्याच्या घागरीत पाणी पिळून देतो. प्रत्येक घागरीबरोबर त्याची लोकर विरळ होत जाते. शेवटी तो उघडाबोडका, तहानलेला, साधा मेंढा उरतो. ज्यांनी त्याचे पाणी प्यायले तेच लोक त्याला हौदावरून दगड मारून हाकलतात. फक्त साळू नावाची मेंढपाळाची मुलगी त्याच्या लंगडण्यावरून त्याला ओळखते. ती ओंजळ पुढे करते आणि तो पाणी पितो. पुस्तक तिथे संपते.

या पुस्तकावर चित्रपट काढायचे मुकुल नावाच्या दिग्दर्शकाने ठरवले. मुकुल मूळचा सांगलीचा. लहानपणी ते शेवटचे पान वाचून तो जेवला नव्हता, असे तो सगळ्यांना सांगे. मेंढा बनवण्याचे काम त्याने सांगलीतल्या ज्योतिबाला दिले. ज्योतिबा गणपती मंडळांसाठी हलते देखावे करतो. हात हलवणारे मावळे आणि फणा काढणारे नाग त्याने कितीतरी केले आहेत. पण त्याची शाळा चौथीतच सुटली होती आणि वाचायचा त्याला कंटाळा होता. म्हणून त्याची मुलगी ओवी शाळेतून आली की शेडमध्ये पत्र्याच्या डब्यावर बसून त्याला पुस्तक वाचून दाखवी. ती तेव्हा पाचवीत होती.

“कंच्या पायानं लंगडतो म्हणालीस?”

“पुढच्या डाव्या. पप्पा, तिसऱ्यांदा सांगतीय मी.”

“दहा वेळा सांग. नीट चालणारा मेंढा कुणीबी करंल. ह्यो नीट लंगडला पायजे.”

माझ्या पोटात त्याने ट्रकच्या वायपरची मोटर बसवली. लोकर दहिवडीच्या मेंढपाळांकडून आणली. तिचा वास जाऊ नये म्हणून ती धुतलीसुद्धा बेताने. चार पाय दोन दिवसांत हलू लागले. एक पाय लंगडायला अकरा दिवस लागले. पाय टेकताना मी किंचित अडखळलो पाहिजे, पण माझी कीव येता कामा नये, असे त्याच्या मनात होते. बाराव्या दिवशी मी शेडभर चाललो. ओवी मागे सरली आणि हळूच म्हणाली, “पप्पा, त्यो आला.” ज्योतिबाने फडक्याला हात पुसले. मित्रांनो, मला मिळालेले सर्वांत मोठे कौतुक म्हणजे ओवीचे ते दोन शब्द.

माणच्या उजाड माळावर चार दिवस माझे चित्रीकरण झाले. शेवटच्या दिवशी ओंजळीचा प्रसंग होता. विनोदिनीबाई तो पाहायला मुद्दाम वाईहून आल्या होत्या. पुस्तकात साळू मेंढ्याला म्हणते, “मी ओळखलं तुला.” मुकुलने ते वाक्य काढून टाकले. साळू झालेल्या मुलीने नुसती ओंजळ पुढे केली, मी लंगडत गेलो आणि मान खाली घातली. वाऱ्याचा आवाज तेवढा होता. दिवे लावणारी माणसेही हलली नाहीत.

“बाई, तुमचं वाक्य गाळलं मी,” मुकुल घाबरत म्हणाला. “चालेल ना?”

बाईंनी माझ्या लोकरीवरून हात फिरवला. “मला हे तेव्हाच सुचायला हवं होतं,” त्या म्हणाल्या. “हे माझ्यापेक्षा चांगलं झालंय.”

हे मी मुद्दाम सांगतो. पुस्तकाचा चित्रपट झाला की बिघाडच होतो, असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. त्या माळावर एका वाक्याची गोष्ट एका ओंजळीत मावली होती आणि ती मोठी झाली होती.

पण पैसे घालणाऱ्यांनी तो भाग पाहिला आणि विचारले, हे खरजुले मेंढरू बघायला तिकीट कोण काढणार? मग संगणकावर दुसरा मेंढा तयार झाला. तो उडतो. त्याची शिंगे सोन्याची आहेत आणि चारही पाय भक्कम आहेत. पाणी चोरणारा एक राक्षस त्याच्यासाठी शोधून काढला. साळूच्या जागी एक राजपुत्र आला. मुकुल भांडला की नाही, मला माहीत नाही. चित्रीकरणानंतर मला ज्योतिबाच्या शेडमध्ये परत ठेवले होते. तिथे येऊन त्याने ज्योतिबाला एवढेच सांगितले, “तुझं काम एक नंबर आहे रे. पण लोकांना भव्य लागतं.” बोलताना तो माझ्याकडे पाठ करून उभा होता. मी चित्रपट कंपनीची वस्तू होतो. त्याच दिवशी टेम्पोत घालून मला नेले.

चित्रपट लागला तेव्हा जाहिरातीसाठी मला सांगलीतल्या चित्रपटगृहाच्या दारात उभे केले. तिथल्या माणसांनी माझ्या पाठीत खिळे मारून थर्माकोलचे पंख बसवले आणि शिंगांवर सोनेरी फवारा मारला. लंगडण्यासाठी माझा पुढचा डावा पाय आखूड ठेवलेला होता, त्यामुळे मी एका बाजूला कलत असे. त्यांनी पायाला लोखंडी पट्टी ठोकून तो सरळ केला. अकरा दिवसांचे काम दहा मिनिटांत संपले. माझ्यासोबत फोटो काढायला रांग लागे. एक बाई आपल्या मुलाला म्हणाल्या, “याच्या अंगाला वास का येतोय? खोटा दिसतोय.”

रविवारी ज्योतिबा ओवीला घेऊन आला. नवा शर्ट घालून आला होता. मला पाहून त्याचे पाऊल अडखळले. तो वाकला आणि पट्टीवर अंगठा ठेवून त्याने दारावरच्या माणसाला विचारले, “आवं, ही पट्टी कुणी मारली?”

“सारखं पडत हुतं त्ये. लंगडं केलं हुतं कुणीतरी.”

“मीच केलं हुतं,” ज्योतिबा म्हणाला. तो माणूस हसला. त्याला ती चेष्टा वाटली.

दोघे आत गेले. तीन तासांनी गर्दीबरोबर बाहेर आले. लोक खूश होते. ओवीने मात्र बापाचा हात ओढून विचारले, “पप्पा, साळू कुठं गेली?”

“नव्हती.”

“मग मेंढ्याला ओळखलं कुणी?”

“त्येला सगळेच ओळखत हुते की गं. राजाच्या वाड्यात बसला नव्हता का शेवटी?” असे म्हणून ज्योतिबा गाडी काढायला गेला. जाताना त्याने मागे वळून पाहिले नाही. त्या वर्षी त्याने एकही नवा देखावा केला नाही, जुनेच रंगवून दिले, हे मला पुढे ओवीच्या बोलण्यातून कळले.

चित्रपट उतरल्यावर कंपनीने मला एका शाळेला भेट दिले. हीच ती शाळा. ओवी इथेच सातवीत आहे. गेल्या महिन्यात शाळेने विनोदिनीबाईंना स्नेहसंमेलनाच्या पाहुण्या म्हणून बोलावले. बाई आता खूप थकल्या आहेत. माझ्यापासून चार हातांवर त्यांची खुर्ची होती. माझे पंख पाहून त्यांनी नजर वळवली. निवेदकाने त्यांची ओळख ‘सुप्रसिद्ध चित्रपटाच्या लेखिका’ अशी करून दिली. पुस्तकाचे नाव घ्यायचे राहिले.

भाषण झाल्यावर मुलांनी प्रश्न विचारले. शिवतेज नावाचा मुलगा उठला. “बाई, मी तुमचं पुस्तक चाळलं. त्यात मेंढा उडतच न्हाई. उलट लोक त्याला दगड मारतात. पिक्चरमध्ये तर तो जिंकतो. असं चुकीचं का लिहिलं?”

सभागृहात हशा पिकला. मला वाटले, बाई आता सांगतील. त्या माळावर मी माझ्या पायाने कसा चाललो ते सांगतील. दगड का मारले ते सांगतील.

बाई हसल्या. “खरं आहे बाळा. चूक माझीच. पिक्चरवाल्यांनी ती सुधारली.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यात ओवी उभी राहिली. “पण बाई, साळू…”

“ओवी, खाली बस!” वर्गशिक्षिका अंकिताबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. “पाहुण्यांशी वाद घालायचा नसतो.” या अंकिताबाईंनीही ते पुस्तक वाचलेले होते. ग्रंथालयात ते त्यांनीच आणले होते. ओवी बसली.

कार्यक्रम संपला आणि मुले खुर्च्या उचलू लागली. विनोदिनीबाई शाल घडी करत होत्या. ओवी सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

“तुमी खोटं का बोलला?”

बाई दचकल्या. “खोटं नाही गं. त्या मुलाला पिक्चर इतका आवडलाय, त्याचा विरस करावासा वाटला नाही. आणि आता या वयात कोणाकोणाशी भांडू मी?”

“मी सात वेळा वाचलंय. पप्पांनी ऐकून ह्यो मेंढा केला. त्याला लंगडायला शिकवायला अकरा दिवस लागले.” ओवीने माझ्या पायावरच्या पट्टीकडे बोट दाखवले. “मग आमी काय चूक वाचलं?”

बाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिले. लोकर पाहिली, पायावरची पट्टी पाहिली. त्यांनी मला ओळखले, याची मला खात्री आहे. त्यांचे ओठ हलले. तेवढ्यात मुख्याध्यापकांनी दारातून हाक मारली, “मॅडम, गाडी आलीय.”

“आले,” बाई म्हणाल्या. त्यांनी शाल आणि नारळ पिशवीत ठेवला आणि ओवीला विचारले, “नाव काय तुझं?”

ओवीने सांगितले नाही. बाई पिशवी उचलून गेल्या.

मित्रांनो, चित्रपट अवश्य पाहा. त्यातला उडणारा मेंढा आवडला तरी माझी तक्रार नाही. माझ्या पाठीतले खिळेही राहू द्या, लाकडाला ते सोसतात. पण एखादी गोष्ट कुणी जीव लावून वाचली असेल, तर तिला चूक म्हणण्याआधी त्या वाचणाऱ्याकडे एकदा बघा. आणि ती गोष्ट तुम्हीच लिहिलेली असेल, तर टाळ्यांसाठी तिचा हात सोडू नका.

ओवी हल्ली सभागृहात येते, पण मागच्या दाराने येते आणि माझ्याकडे पाहत नाही. ग्रंथालयातून पुस्तक तिने पुन्हा मागितलेले नाही. तुमच्यापैकी कोणी तिच्या वर्गात असाल, तर तिला एवढेच सांगा, की तिने बरोबर वाचले होते. सांगायला हवे होते बाईंनी. मला ते तिला सांगता येत नाही.